डावीकडचा बॉल कुणाचा

गुरुवारी पाचव्या डावाच्या मध्येच स्किपनं येइबरला खेळातून बाहेर काढलं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आता कसं असतं, केस्लर फॉल्सच्या बेसबॉल संघात कुणाला असं मध्येच बाहेर काढलं, आणि त्याचा पाय मुरगळलेला नाही, पंचाशी भांडण नाही, खेळात काही गाढवपणा केलेला नाही, तर त्याचा अर्थ एकच. वरून फोन आला! वरच्या संघाला, म्हणजे मोठ्या शहरातल्या, टीव्हीवर दिसणाऱ्या, खऱ्या संघाला तू हवायस. आता तुला खरचटूनसुद्धा चालायचं नाही, म्हणून तुला काढून बाजूला ठेवलंय. मग बाकीच्यांनी काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. मिठ्या मारायच्या.

येइबर कोल्मेनारेस डगआऊटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या खोलगट जागेच्या, पायऱ्या उतरतोय न उतरतोय तोच हॉलिसनं त्याला उचललंच. हॉलिस म्हणजे संघाचा कॅचर, बॅट्समनच्या मागं बसून बॉल धरणारा, आणि येइबरचा रूममेट, अंगानं कपाटाएवढा, आणि वर छातीला ते सगळं चिलखत बांधलेलं.

"गेलास भावा! सहा वर्षं सडलास आणि शेवटी गेलास!"

"अरे हाडं मोडशील त्याची, वर काय पाठवणार, पोतं?" मागून कुणीतरी ओरडलं.

मग एकेक जण आला. कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी डोक्यावर पाणी ओतलं, कुणी मूठभर सूर्यफुलाच्या बिया त्याच्या शर्टात सोडल्या. येइबरनं बिया झटकल्या. सोळाव्या वर्षी आपलं गाव बार्किसिमेतो सोडून निघालेला पोरगा, आता चोविशीत, आठ वर्षांत कुठल्या कुठल्या गावांत कुठल्या कुठल्या बसमधून फिरलेला, शेवटची सहा याच देशात. तो सरळ आत लॉकर रूममध्ये गेला, शूज न काढताच बसला आणि आईला फोन लावला.

"आई. बोलावलं."

पलीकडून जी किंकाळी आली ना, ती बहुतेक फोन नसता तरी ऐकू आली असती. मग मावशी, मग खालच्या मजल्यावरच्या बाई, मग कुणाचं तरी रडणं, कुणाचं तरी कुत्रं.

सामना संपल्यावर स्किपनं त्याला खोलीत बोलावलं. स्किप म्हणजे लाईल बोडेकर, संघाचा मॅनेजर, साठीचा, सतत च्युइंगम चघळणारा, आणि वाईट बातमी सांगताना च्युइंगम थांबवणारा. च्युइंगम थांबलेलं होतं.

"कोल्मेनारेस, पोरं तुला मिठ्या कसल्या मारत होती रे?"

"स्किप, तुम्ही मला बाहेर काढलंत ना…"

स्किपनं टोपी काढली. कपाळावरून हात फिरवला. "अरे देवा. नाही रे पोरा. तुझी मांडी कालपासून आखडलीय, आणि उद्यापासून तुला दुसऱ्या बेसवर खेळायचंय, म्हणून जरा आराम दिला. ऑगी थॉर्सन येतोय उद्या."

ऑगी थॉर्सन! म्हणजे वरच्या संघाचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा अकरा वर्षं त्याची. शहरात बसच्या पाठीवर त्याचा फोटो. जूनमध्ये त्याचा उजवा खांदा दुखावला, आणि तेव्हापासून येइबर रोज वाट बघत होता, कारण खाली त्या जागेवर कोण खेळतं? येइबर. आणि या वर्षाअखेर येइबरचा करार कुठं जातो? कुठंच नाही. संपतो. वर गेला नाही तर मोकळा.

"खांदा बरा झालाय म्हणे," स्किप म्हणाला. "तीन सामने इथं खेळेल, हात मोकळा करेल आणि परत वर जाईल. शॉर्टस्टॉपला तो. तू त्याच्या शेजारी."

येइबर "बरं स्किप" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बाहेर आला, तर हॉलिस बॅग भरायला मदत करायला उभा. त्याला सांगितलं. हॉलिसचं तोंड असं झालं की येइबरलाच त्याची समजूत घालावी लागली. मग आईला परत फोन.

"आई, चूक झाली. मी इथंच आहे."

मग ती म्हणाली, "केक कापला रे आम्ही."

"मग खा. वाया घालवू नका. मी जाणार आहे, आई. फक्त आज नाही."

*

शुक्रवारी थॉर्सन आला तो जेवण घेऊनच. पद्धतच आहे ती. वरचा खेळाडू बरा व्हायला खाली आला की अख्ख्या संघाला जेवण त्याच्याकडून. एरवी इथं पोरं काय खातात? पीनट बटर लावलेला ब्रेड, आणि सामना जिंकला तर त्याच्या जोडीला थंड पास्ता. आणि आज टेबलावर भाजलेल्या बरगड्या, कोळंबी, मक्याची कणसं, लोण्याचे वाडगेच्या वाडगे! हॉलिस तर ताटासमोर उभा राहून टोपी काढून डोळे मिटून घेत होता.

"बस करा रे, प्रार्थना कसली, खा," थॉर्सन हसत म्हणाला. माणूस छान होता, हे सांगायलाच हवं. पस्तिशीचा, दाढीत दोनचार पांढरे केस, प्रत्येकाचं नाव विचारून लक्षात ठेवणारा. येइबरपाशी येऊन त्यानं डावा हात पुढं केला.

डावा. येइबरनं ते बघितलं, पण तेव्हा त्याचं डोकं दुसरीकडंच होतं.

सराव सुरू झाल्यावर मात्र त्याच्या नजरेला खटकलं. थॉर्सन जवळचे थ्रो झकास करत होता. बॉल ग्लोव्हमध्ये आला कधी आणि गेला कधी, कळायचंसुद्धा नाही. पण उभा राहायचा नेहमीपेक्षा चार पावलं पुढं, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो छोटा. आणि लांबचा बॉल फेकायची वेळ आली की बुटाची लेस बांधायला वाकायचा. एकदा वाकला, ठीक. तीनदा लेस कुणाची सुटते?

सामन्याच्या आधी आतल्या बोळात थॉर्सननं त्याला गाठलं.

"कोल्मेनारेस ना? तू बघितलंस."

"काय सर?"

"सर म्हणू नकोस. आणि वेड पांघरू नकोस. तू बघितलंस हे मी बघितलं."

येइबर ग्लोव्हची दोरी घट्ट करायला लागला.

"जवळचा जमतो," थॉर्सन हळू आवाजात म्हणाला. "लांबचा अजून नाही. दोनेक आठवड्यांत जमेल. पण दोन आठवडे माझ्याकडं नाहीत. ऐक, डावीकडं लांब बॉल गेला की तू पुढं जा. मी मागं राहतो. एवढंच."

आता हे "एवढंच" म्हणजे किती मोठं ते बघा. बॉल डावीकडं कुंपणापर्यंत गेला की तिथला गडी एका दमात होमपर्यंत, म्हणजे पळणारा जिथं पोचला की रन होते तिथपर्यंत, फेकू शकत नाही. म्हणून शॉर्टस्टॉप धावत अर्ध्या वाटेवर जातो, बॉल घेतो, गर्रकन वळतो आणि होमला फेकतो. रिले म्हणतात त्याला. आणि दुसऱ्या बेसवाला त्याच्या मागं थोड्या अंतरावर उभा राहतो. बॉल सुटला तर धरायला, आणि कुठं फेकायचं ते ओरडून सांगायला, कारण पुढच्याची पाठ होमकडं असते, त्याला काय दिसणार? बॉल उजवीकडं गेला तर हेच उलट. डावीकडचा बॉल शॉर्टस्टॉपचा. हे दहाव्या वर्षीच पायांत बसतं, डोक्यापर्यंत जावंच लागत नाही.

"आणि वरचा माणूस बघायला बसलाय त्याचं काय?" येइबर म्हणाला. खरंच, होमच्या मागं तिसऱ्या रांगेत वरच्या संघाचा एक माणूस चष्मा लावून बसला होता.

"त्याला वाटेल तू हौशी आहेस, पळत सुटतोस." थॉर्सन जवळ आला. "तुला काय वाटतंय ते मला कळतं रे. हा पडला की माझा नंबर. पण तसं नाही होणार. महिनाअखेर खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा बाजार बंद होतो. त्याच्या आत मी उभा राहिलो नाही, तर ते दुसऱ्या संघाकडून तयार शॉर्टस्टॉप विकत घेणार. ठरलंय त्यांचं. मग मी पण गेलो आणि तू पण गेलास. मला सांभाळलंस, तर वर गेल्यावर तुझ्यासाठी शब्द टाकीन मी. दुसऱ्या बेसला जागा होतेच कधी ना कधी."

येइबरनं मान हलवली. का हलवली? एक तर समोर थॉर्सन. ज्याच्या हालचाली बघून बघून त्यानं बार्किसिमेतोच्या मातीत सराव केला तो माणूस. आणि दुसरं, त्याचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं.

आणि गंमत बघा, शुक्रवारी जमलंच की! सहाव्या डावात बॉल डावीकडच्या कुंपणाला लागला, येइबर सुसाट पुढं गेला, थॉर्सन मागं राहिला, येइबरनं वळून असा फणफणता थ्रो टाकला की हॉलिसनं होमकडं पळत येणारा गडी बसल्या जागी बाद केला. लोक उठून ओरडायला लागले. कुणाचं नाव? "ऑगी! ऑगी!" कारण त्यांच्या लेखी डावीकडून होमला थ्रो आला म्हणजे तो थॉर्सनचाच.

हॉलिसनं मात्र डाव संपल्यावर मास्क वर केला. "तू तिथं काय करत होतास रे?"

"धावत होतो."

"ते दिसलं मला. का?"

*

शनिवारी फाटलं.

सातवा डाव, बरोबरीचा सामना, बेसवर कुणी नाही. समोरच्या बॅट्समननं साधा फटका मारला, डावीकडच्या गड्याच्या पुढ्यात पडला बॉल. काही लांब नाही, काही नाही. पण येइबरच्या डोक्यात काय? डावीकडं गेला, मी पुढं. सुटला तो! आता तो पुढं आला म्हणजे थॉर्सननं दुसरा बेस सांभाळायला हवा होता. पण अकरा वर्षांची सवय कुठं जाते? डावीकडं बॉल गेला आणि थॉर्सनचे पाय पण आपोआप तिकडंच वळले. दोघं एकाच बाजूला, एकमेकांकडं बघत उभे, आणि मागं दुसरा बेस उघडा. बॅट्समननं पहिल्या बेसवरून नुसतं मान वर करून बघितलं आणि चालत गेल्यासारखा दुसऱ्यावर पोचला. पुढच्या फटक्यावर तो होमला आला आणि तेवढ्याच एका रननं सामना गेला.

लॉकर रूममध्ये स्किप आला, तेव्हा च्युइंगम थांबलेलं होतं.

"कोल्मेनारेस! दुसऱ्या बेसवर कुत्रं तरी बांधून जायचंस! आठ वर्षं खेळतोस, बेस सोडून फिरायला कुठं निघालास?"

येइबरनं थॉर्सनकडं बघितलं. थॉर्सन खाली वाकून बुटाची लेस सोडत होता. एक सोडली. मग दुसरी सोडली. वर बघितलंच नाही.

"चूक झाली, स्किप," येइबर म्हणाला.

"वरचा माणूस वहीत लिहीत होता, माहितीय ना? तुझ्याबद्दल लिहीत होता."

त्या दिवशी टेबलावर लॉब्स्टर होते. मोठेच्या मोठे, लाल, पोरांनी कधी फक्त फोटोत बघितलेले. येइबरनं पीनट बटरची बरणी काढली, ब्रेडला लावलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. हॉलिस ताट घेऊन शेजारी आला, त्यातला एक लॉब्स्टर त्याच्यापुढं धरला.

"नको."

"त्याला खांदा दुखतोय," हॉलिस तोंडात घास ठेवून हळूच म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. "मी कॅचर आहे. मला सगळं मैदान समोरून दिसतं. तू त्याचा ओझ्याचा बैल झालायस."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. त्याचा लांबचा थ्रो कुणी बघितलाच नाही दोन दिवसांत. आणि तुझं काय बघितलं? तू बेस सोडून पळतोस! अरे, तो तुझी जागा घेतोय ते घेतोय, वर तुझं नाव पण घेऊन चाललाय. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

निघताना दारात स्किपनं येइबरला थांबवलं. आवाज आता खाली आलेला.

"तू त्याच्या शेजारी उभा असतोस. खरं सांग. खांदा कसा आहे?"

एका वाक्याचं काम होतं बघा. "वाईट आहे." संपलं. येइबरच्या जिभेवर आलं होतं. पण त्याला थॉर्सनचं ते खाली घातलेलं डोकं आठवलं, आणि त्याच्या मनात आलं, की हे असं चुगली करून मिळवलं, तर जन्मभर आपल्यालाही लेसकडंच बघत बसावं लागेल.

"त्यांनाच विचारा, स्किप," तो म्हणाला.

स्किप त्याच्याकडं बघत राहिला आणि च्युइंगम पुन्हा हळूहळू सुरू झालं.

*

रविवारी दुपारचा सामना होता. ऊन असं की मैदानावर पाणी मारलं की त्याची वाफ दिसावी. येइबर सगळ्यांच्या आधी आला, आणि थॉर्सन बॅटिंगच्या सरावाच्या जाळीत एकटा दिसल्यावर सरळ आत शिरला.

"आज मी पुढं जाणार नाही," तो म्हणाला.

थॉर्सननं बॅट खाली केली. "काय?"

"डावीकडचा बॉल तुमचा आहे. मी तुमच्या मागं उभा राहीन, जिथं राहायचं तिथं. ओरडून सांगीन कुठं फेकायचं ते. चुकला तर धरीन. पण फेकायचा तुम्ही."

"काल रागावलास. मी बोलायला हवं होतं. कबूल. आज सांगतो स्किपला, की माझी…"

"रागाचं नाही ते."

"मग कशाचं? तुला जागा हवीय माझी."

"हवीय!" येइबर म्हणाला, आणि हे इतक्या जोरात म्हणाला की जाळीवरची चिमणी उडाली. "सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून हवीय. खोटं कशाला बोलू? पण स्किपनं काल मला विचारलं खांद्याचं, आणि मी नाही सांगितलं. तुम्हाला आधी सांगायला आलो. तुम्हाला फेकता येत असेल तर फेका आणि जा वर, मी टाळ्या वाजवीन. येत नसेल, तर मी तुमचा हात होणार नाही."

थॉर्सन हसला, पण ते हसू दाढीच्या आतच राहिलं. "आणि त्यांनी दुसरा कुणी विकत आणला म्हणजे?"

"तर आणू देत. मग त्याच्याशी लढीन. तो तरी स्वतः फेकत असेल."

"तोंड चांगलं आहे तुझं."

"हात त्याहून चांगला आहे. शुक्रवारी बघितलात ना? लोक तुमच्या नावानं ओरडत होते."

थॉर्सननं बॅट उचलली आणि यंत्रातून आलेला पुढचा बॉल इतका कडक मारला की जाळी थरथरली. येइबर निघून आला.

मग सात डाव काहीच नाही! सात डाव त्या डावीकडच्या बाजूला एक बॉल लांब जाईना. येइबर प्रत्येक फटक्याला मनातल्या मनात मरत होता. केस्लर फॉल्स एका रननं पुढं. आठवा डाव, दोन बाद, समोरच्यांचा एक गडी पहिल्या बेसवर, आणि बॅटिंगला एक डावखुरा दांडगा.

आणि त्यानं मारला. आवाजावरूनच सगळ्यांना कळलं. बॉल डावीकडच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला, एक टप्पा पडला आणि कुंपणाला जाऊन लागला. पहिल्या बेसवरचा गडी तर बॅटचा आवाज व्हायच्या आतच सुटलेला, तो आता होमशिवाय थांबायचा नव्हता.

येइबरचे पाय पुढं ओढत होते. शुक्रवारची सवय, शनिवारची सवय. त्यानं दात खाल्ले आणि गेला तो मागच्या जागेवर. बरोबर थॉर्सनच्या मागं, सरळ रेषेत. थॉर्सन पुढं धावत गेला, हात वर केले, आणि बॉल यायच्या आधी एक क्षण मान वळवून मागं बघितलं. दोघांची नजर भिडली. अजूनही करता आलं असतं. थॉर्सननं नुसतं वाकून बॉल डोक्यावरून जाऊ दिला असता, तर तो येइबरच्याच हातात आला असता.

"होम!" येइबर घसा फाडून ओरडला. "होम! होम! होम!"

थॉर्सननं बॉल घेतला. वळला. आणि राखून नाही फेकला, हं! अकरा वर्षांचं जे काय अंगात होतं ते सगळं घालून फेकला. येइबरच्या कानाजवळून गेला तो बॉल, आणि जाताना त्याला थॉर्सनच्या तोंडातून आलेला आवाज ऐकू आला. पाय दारात चेंगरल्यावर येतो ना, तसा.

बॉल निम्म्या वाटेवर मेला. एक टप्पा, दुसरा टप्पा, मग नुसता घरंगळत. हॉलिस होम सोडून दोन पावलं पुढं आला आणि त्यानं तो उचलला, पण तोवर गडी होम ओलांडून गेला होता. बरोबरी.

तिसऱ्या रांगेतल्या माणसानं चष्मा काढला होता. थॉर्सन तिथंच उभा होता, उजवा हात डाव्या हातानं कोपराशी धरून. येइबर त्याच्यापाशी गेला. वाटलं होतं, आपल्याला काहीतरी वाटेल, सुटल्यासारखं किंवा जिंकल्यासारखं. पण वाटलं एवढंच की आपलाही खांदा दुखतोय.

"बॉल माझाच होता," थॉर्सन म्हणाला. चेहरा पांढराफटक.

"हो."

"सरळ गेला ना, पण?"

"एकदम सरळ. नुसता पोचला नाही."

थॉर्सननं मान डोलवली आणि चालत निघाला. स्किप डगआऊटमधून धावत येत होता, त्याला त्यानं वाटेतच थांबवलं. सगळ्यांच्या देखत, लपवून नाही.

"लाईल, खांदा बरा झालाच नव्हता. आलो तेव्हापासून नव्हता. कालचा उघडा बेस पण माझा. मी त्या पोराला पुढं जायला सांगितलं होतं."

स्किपनं आधी थॉर्सनकडं बघितलं, मग येइबरकडं. मग च्युइंगम थुंकून टाकलं आणि बोट दाखवलं. "कोल्मेनारेस! शॉर्टस्टॉप. चल, उभा काय राहिलास!"

येइबर आपल्या जागेवर गेला. पायानं माती उकरली, सारखी केली. हॉलिस होमवरून बोंबलला, "आलास का घरी? बेस सोडून पळू नकोस आता!" आणि अख्खा संघ हसला.

त्याच डावात पुढचाच फटका आला, खोल तिसऱ्या बेसकडं, जमिनीला घासत. येइबरनं तो उलट्या ग्लोव्हनं धरला, पाय रोवायला जागाच नव्हती, म्हणून हवेतूनच फेकला. बाद! जो थ्रो टाळायला थॉर्सन तीन दिवस पुढं उभा राहत होता, तो हा थ्रो. नवव्या डावात हॉलिसनं एक लांब मारला आणि सामना जिंकला, पण ते हॉलिस सांगेल तुम्हाला, दर वेळी थोडा जास्त लांब मारून.

*

संध्याकाळ व्हायच्या आत स्किपनं बोलावलं. या वेळी च्युइंगम जोरात चाललं होतं.

"वरून फोन होता. या वेळी खरा. उद्या तू तिकडं हवायस. आनंदानं नाचू नकोस लगेच. बाजार बंद होईपर्यंत बघणार आहेत तुला. बरा वाटलास तर दुसरा विकत घेणार नाहीत. नाही वाटलास, तर परत इथं, माझ्या डोक्याला."

"परत नाही येणार, स्किप."

"हेच सगळे म्हणतात."

"मी पण म्हणतोय."

स्किपनं हात पुढं केला. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि येइबरला मिठी मारली, ओबडधोबड, खांद्याला खांदा आपटून.

बाहेर पडताना बाजूच्या खोलीत थॉर्सन दिसला. टेबलावर बसलेला, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. येइबर दारात थांबला. जावं की न जावं?

"ये आत," थॉर्सन म्हणाला. "मेलेलो नाही अजून."

येइबर आत गेला.

"उद्या जातोयस म्हणे."

"हो."

"माझ्या जागेवर."

"हो."

"हे बघ, मी शस्त्रक्रिया करून घेणार आहे. या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी वसंतात मी परत येणार. आणि माझी जागा मागणार. नीट समजून घे. मी काही तुला देऊन टाकत नाहीये."

"या ना," येइबर म्हणाला. "मी तिथंच उभा असेन. मागा."

"देशील?"

"नाही."

थॉर्सननं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं बघितलं असं नाही म्हणता येणार, पण प्रेमानं असंही नाही. मग बर्फाची पिशवी सावरली आणि डाव्या हातानं समोरची खुर्ची पायापर्यंत ओढली.

"बस. एकदाच सांगणार आहे. तिथल्या मैदानात तिसऱ्या बेसकडची माती कडक आहे. टीव्हीवर कळत नाही. इथल्यासारखा खाली वाकून थांबलास तर बॉल छातीवर येईल. एक पाऊल मागं राहा, उशिरा वाक. आणि दुपारच्या सामन्यात चौथ्या डावापासून वरच्या गॅलरीच्या काचांवरून ऊन डोळ्यांत येतं, उंच बॉल आला की डावीकडून ये त्याच्याखाली, उजवीकडून नको. मी पहिल्या महिन्यात दोन सोडले होते त्यापायी. लोक अजून विसरले नाहीत."

येइबर खुर्चीत पुढं सरकून ऐकत होता, ग्लोव्ह मांडीवर, हात नकळत त्यात गेलेला.

"झालं," थॉर्सन म्हणाला. "जा आता."

येइबर उठला नाही.

"आणि पाणी मारलं असेल तेव्हा?" त्यानं विचारलं. "त्या कडक मातीवर, सामन्याच्या आधी?"

थॉर्सननं डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि तेही सांगायला लागला.